वाचकांचे प्रश्न : जीवाणू आणि विषाणू

पावसाळी आजारांविषयीच्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच संभ्रम आहे. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र या दोहोंतील फरकामुळे औषध, तपासणी आणि काळजी कशी बदलते, हे पुष्कळदा स्पष्ट नसते. म्हणून या अंकातील सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जीवाणू आणि विषाणू यांतील फरक विचारला की मुले ‘विषाणू जास्त लहान असतात’ एवढेच सांगतात. फरक फक्त आकाराचाच आहे का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : आकारातील फरक खरा आहे, परंतु तो मूळ फरक नव्हे. बहुतेक जीवाणू एक ते काही मायक्रोमीटर लांबीचे असतात, आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विषाणू बहुधा २० ते ३०० नॅनोमीटर या मापात बसतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा, तर कोविडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा आहे. दह्याच्या पाण्यातील काडीसारखे जीवाणू आपल्या विद्यार्थ्यांना शाळेच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकातून पाहता येतात. विषाणू मात्र काही अवाढव्य अपवाद सोडता त्यातून दिसत नाहीत, कारण ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार झाला, तेव्हा कुठे मानवाला विषाणूचे पहिले दर्शन घडले.

मूळ फरक स्वावलंबनाचा आहे. जीवाणू ही एक संपूर्ण पेशी असते. तिच्यात स्वतःचा डीएनए असतो, प्रथिने बनवणारी रायबोसोमे असतात, अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची सोय असते आणि बहुतेकांना बाहेरून भक्कम भिंत असते. अन्न, ओलावा आणि योग्य तापमान मिळाले की जीवाणू कोणाच्याही मदतीवाचून वाढतो आणि दुभंगून एकाचे दोन होतो. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूला अनुकूल परिस्थितीत त्यासाठी जेमतेम वीस मिनिटे पुरतात. विषाणूजवळ यांतले जवळजवळ काहीच नसते. डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकाचा धागा, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि काहींच्या बाबतीत त्यावर मेदाचे पातळ आवरण, एवढाच त्याचा संसार. पेशीच्या बाहेर असताना तो खात नाही, श्वसन करत नाही, वाढतही नाही. जीवाणू हा स्वतःचे पुस्तक स्वतः छापणारा छापखाना मानला, तर विषाणू हे केवळ एक हस्तलिखित आहे. दुसऱ्याच्या छापखान्यात शिरल्याशिवाय त्याची एकही प्रत निघत नाही. पेशीत शिरल्यावर तिचीच रायबोसोमे आणि तिचीच ऊर्जा वापरून विषाणूचे सुटे भाग तयार होतात, ते जुळवले जातात आणि एका पेशीतून शेकडो, कधी हजारो नवे विषाणू बाहेर पडतात. विषाणू कधीही दुभंगत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

हा फरक विषाणू कोणी डोळ्यांनी पाहण्याच्या आधीच प्रयोगांतून उघड झाला होता, आणि तो इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. १८८४ मध्ये शार्ल शांबरलाँ यांनी चिनी मातीची अशी गाळणी तयार केली, की तिच्यातून जीवाणू पार होत नसत. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी मोझॅक रोग झालेल्या तंबाखूच्या पानांचा रस या प्रकारच्या गाळणीतून गाळला, तरीही तो रस निरोगी झाडांना रोग देत राहिला. १८९८ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी पुढचे महत्त्वाचे पाऊल टाकले. गाळलेल्या रसातील हा रोगकारक घटक पोषक द्रव्यात कितीही दिवस ठेवला तरी वाढत नाही, तो फक्त जिवंत वनस्पतीतच वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी जर्मनीत लफ्लर आणि फ्रॉश यांना जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाविषयी असाच अनुभव आला. प्राण्यांमध्ये सापडलेला हा पहिला विषाणू होय.

आकाराची कसोटी किती फसवी आहे, याची दोन उदाहरणे देतो. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबामध्ये एक सूक्ष्म कण आढळला. तो एवढा मोठा होता की संशोधकांनी त्याला जीवाणूच मानले. अखेर २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले आणि त्याला मिमीव्हायरस हे नाव मिळाले. आकाराने लहानशा जीवाणूएवढा असूनही त्याच्यात स्वतःची रायबोसोमे नाहीत. याच्या अगदी उलट उदाहरण स्क्रब टायफसचे आहे. २०१८ मध्ये नागपूर परिसरात या तापाचे बरेच रुग्ण आढळले होते. त्याचा जीवाणू विषाणूप्रमाणेच फक्त जिवंत पेशीच्या आत वाढतो, परंतु त्याची रायबोसोमे त्याची स्वतःची असतात आणि म्हणूनच डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने (अँटिबायोटिकने) तो रोग बरा होतो. तेव्हा मुलांना ‘केवढा आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘स्वतःची प्रथिने स्वतः बनवतो का?’ असे विचारायला शिकवावे.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाला सर्दी, खोकला आणि ताप होता. चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला, तरी आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही. ‘व्हायरल आहे’ एवढेच म्हणाले. तपासणी न करता हे कसे कळते? आणि हा हलगर्जीपणा तर नव्हे? (एक माता, ठाणे)

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून हा हलगर्जीपणा वाटत नाही. अशा वेळी औषध न देण्याचा निर्णय घेणे हे डॉक्टरांसाठी देण्यापेक्षा अवघड असते, कारण पालक बहुधा काहीतरी ‘स्ट्राँग’ लिहून मिळावे या अपेक्षेने आलेले असतात.

प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक नेमके काय करते, ते आधी पाहू. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील औषधे जीवाणूची भिंत बांधू देत नाहीत. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जीवाणूच्या रायबोसोमांना चिकटून त्यांचे काम थांबवतात. त्या रायबोसोमांची घडण आपल्या रायबोसोमांहून वेगळी असल्यामुळे आपल्या पेशी वाचतात. सिप्रोफ्लॉक्सासिन जीवाणूच्या डीएनएचे पीळ सोडवणारे विकर (एन्झाइम) रोखते. आता विषाणूकडे पाहा. त्याला तशी भिंत नाही, त्याची स्वतःची रायबोसोमे नाहीत, आणि तो वापरतो ती यंत्रणा आपल्याच पेशींची असते. म्हणजे या औषधांना घाव घालायला जागाच उरत नाही. मात्रा वाढवली किंवा महागडी गोळी आणली तरी यात काही फरक पडत नाही. विषाणूंवरील औषधे वेगळी असतात आणि ती बहुतांशी एकेका कुळापुरतीच चालतात. फ्लूसाठी ओसेल्टामिविर आहे, नागिणीसाठी असायक्लोविर आहे, आणि हिपॅटायटिस सी तर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ शकतो, ही गेल्या काही वर्षांतील फार मोठी प्रगती आहे. साध्या सर्दीवर किंवा डेंग्यूवर मात्र असे नेमके औषध अजून उपलब्ध नाही.

शेंबडाच्या रंगाबद्दलचा समज सर्वत्र पसरलेला आहे, पण त्याला आधार नाही. तो हिरवट रंग जीवाणूंचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये लोहयुक्त असे एक हिरवे विकर असते, आणि संसर्गाशी लढताना या पेशी मोठ्या संख्येने तेथे जमल्या की स्रावाला तो रंग चढतो. निव्वळ विषाणूंमुळे झालेल्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असे होते.

तपासणीवाचून कसे कळते, याचे उत्तर असे की पहिल्या दिवशी दर वेळी खात्रीने कळतेच असे नाही. अनुभवी डॉक्टर लक्षणांचा मेळ पाहतात. नाक वाहणे, शिंका, खोकला, डोळे लाल होणे आणि घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होणे, हे चित्र विषाणूकडे बोट दाखवते. उलट खोकला आणि सर्दी नसताना एकाएकी चढलेला ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पू आणि मानेतील दुखऱ्या गाठी असतील, तर घशात स्ट्रेप्टोकोकस जीवाणू असण्याची शक्यता वाढते. तेथे प्रतिजैविक द्यायलाच हवे, कारण हा संसर्ग दुर्लक्षित राहिल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या सूचक असते, निर्णायक नसते. विषमज्वर म्हणजे टायफॉइड हा जीवाणूंचा आजार असूनही त्यात या पेशी पुष्कळदा वाढलेल्या नसतात.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘कल्चर’ तपासणी असते. रुग्णाचे रक्त, लघवी किंवा पू पोषक द्रव्यात ठेवून उबवतात. जीवाणू वाढले की ते चपट्या काचेच्या बशीतील आगर या जेलीसारख्या पदार्थावर पसरतात आणि त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीवर जीवाणूंचा धुरकट थर पसरलेला असतो. जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटते आणि जे लागू पडत नाही त्याच्या अगदी कडेपर्यंत थर आलेला असतो. या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजूनच अहवालात त्या औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘रेझिस्टंट’ असे लिहितात. विषाणू या बशीत वाढूच शकत नाही, कारण तेथे त्याला जिवंत पेशी मिळत नाही. त्यामुळे विषाणूसाठी त्याचे प्रथिन शोधणाऱ्या चाचण्या असतात, उदाहरणार्थ डेंग्यूची एनएस-वन, किंवा त्याचा जनुकीय धागा शोधणारी आरटी-पीसीआर.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवावे. विषाणूने श्वसनमार्गाचे अस्तर खराब केले की त्या जागी जीवाणूंना शिरकाव करणे सोपे जाते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हेच घडले. ती साथ भारतात प्रथम मुंबई बंदरात दिसली आणि तेथून देशभर पसरली. मूळ रोग विषाणूचा होता, परंतु त्या काळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा बहुतांश मृत्यूंमध्ये मागाहून आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाचा हात असल्याचे दिसून आले. रिशार्ड फायफर यांनी १८९२ मध्ये रुग्णांच्या कफात सापडलेल्या एका जीवाणूलाच इन्फ्लुएन्झाचे कारण मानले होते. तो समज १९१८ मध्येही प्रचलित होता, आणि माणसातील खरा विषाणू वेगळा काढता आला तो थेट १९३३ मध्ये. तेव्हा मुलाचा ताप उतरून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा चढला, श्वास भरभर चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल गुंगीत राहू लागले किंवा पाणीही पिईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तशा परिस्थितीत तेच डॉक्टर प्रतिजैविक देतील आणि तेव्हा ते देणेच योग्य ठरेल.

प्रश्न : मागच्या वेळी अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांनी माझी सर्दी गेली होती. त्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या या वेळी घेतल्या तर काय बिघडते? (एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया घेऊ नयेत. सर्दी तशीही चार-सहा दिवसांत उतरणीला लागते, आणि गोळ्या त्याच सुमारास घेतल्या गेल्या की श्रेय त्यांना मिळते. विषाणूला त्या गोळीने काहीही झालेले नसते. मात्र आपल्या आतड्यात आणि घशात राहणाऱ्या असंख्य जीवाणूंवर तिचा परिणाम झालेला असतो. त्यांतील दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. याहून गंभीर बाब अशी की जीवाणूंच्या अंगी डीएनएची छोटी वलये असतात आणि औषधाला न जुमानण्याचा गुण या वलयांमार्फत एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जाऊ शकतो. आज आपल्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूने कमावलेला हा गुण उद्या मूत्रमार्गाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेच्या संसर्गात आपल्यालाच भोवू शकतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानातच या धोक्याचा इशारा दिला होता. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एकाच वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

औषधाच्या पट्टीवर मागील बाजूस उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ आहे. २०१६ पासून आपल्या देशात याविषयी मोहीम सुरू आहे. क्षयरोगाच्या रुग्णांनी तर औषधे मध्येच कधीही थांबवू नयेत. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर याला पंधरा-वीस तास लागतात. शिवाय तो सुप्तावस्थेत पडून राहतो. सहा महिन्यांचा उपचार ठरवला आहे तो यासाठीच. खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडल्यास उरलेले चिवट जंतू पुन्हा डोके वर काढतात.

प्रश्न : माझ्या पपईच्या बागेत व्हायरस आला आहे. डाळिंबाच्या तेल्यावर वापरतात ते स्ट्रेप्टोमायसिनचे औषध दोनदा फवारले, पण पाने वाकडीच होत आहेत. मात्रा कमी पडली का? (एक शेतकरी, नंदुरबार)

उत्तर : मात्रेचा प्रश्न नाही. तेल्या हा डाळिंबावरील जीवाणूजन्य रोग आहे, तर पपईवरील रिंगस्पॉट हा विषाणूचा. जो नियम माणसाच्या सर्दीला, तोच येथेही लागू आहे.

तेल्याचा झँथोमोनास हा जीवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो आणि पेशींच्या आत न जाता पेशींमधील मोकळ्या जागेत वाढतो. पावसाचे तुषार, वारा, रोगट गुट्या आणि छाटणीची कात्री यांच्यामार्फत तो पसरतो. म्हणून पृष्ठभागावर असतानाच बोर्डो मिश्रणाने किंवा इतर ताम्रयुक्त औषधांनी त्याला काही प्रमाणात अडवता येते, कात्री निर्जंतुक करून त्याचा प्रसार कमी करता येतो, आणि रोगट फांद्या काढून बागेला योग्य विश्रांती दिली तर तोटा आटोक्यात राहतो. तेथेही प्रतिजैविकांवर भर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचेही औषध आहे, आणि शेतात तयार झालेले चिवट जीवाणू शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत.

पपईच्या विषाणूची वाट निराळी आहे. वनस्पतीच्या पेशीची भिंत त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही; मावा कीड रोगट झाडाच्या पानात सोंड खुपसते आणि पुढच्या झाडावर बसून चव पाहते, तेवढ्यात तो तिच्या सोंडेवरून नव्या झाडात पोहोचतो. हे सारे काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत घडते. म्हणूनच कीटकनाशकाने मावा नंतर मेला तरी तोवर विषाणू झाडात गेलेला असतो. एकदा आत गेला की तो पेशीपेशीतून आणि रसवाहिन्यांतून झाडभर पसरतो, आणि त्यानंतर ते झाड बरे करणारे कोणतेही फवारणीचे औषध नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण यापुढे फवारणीवर खर्च करू नये, हे सांगणे मी कर्तव्य समजतो.

उपाय आहेत ते प्रतिबंधाचे. रोपे कीडरोधक जाळीच्या आत तयार केलेली घ्यावीत. लागवडीपूर्वी बागेच्या चारही कडांनी मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावाव्यात, म्हणजे उडत येणारा मावा आधी त्यांवर बसून सोंड पुसून घेतो. आसपास काकडी, भोपळा अशी वेलवर्गीय पिके टाळावीत. सुरुवातीच्या काळात एखाद-दुसरे झाड रोगट दिसले तर ते लगेच उपटून नष्ट करावे. अमेरिकेतील हवाई बेटांवर याच विषाणूने पपईचे पीक जवळजवळ संपवले होते. तेथे १९९८ पासून जनुक बदलून तयार केलेल्या प्रतिकारक जाती लावल्या जाऊ लागल्या आणि उत्पादन सावरले.

आपल्याकडे जनावरे असतील तर हाच विचार गोठ्यातही करावा. दुभत्या जनावराचा कासदाह बहुतेक वेळा जीवाणूंमुळे होतो आणि पशुवैद्य त्यावर प्रतिजैविक देतात. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूंचे आजार असून त्यांवर लस हाच खरा उपाय आहे. २०२२ मधील लम्पीच्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली, कारण हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. त्या वेळी आजारी गुरांना प्रतिजैविके दिलेली आपण पाहिली असतील, तर ती लम्पीवर नव्हती, गाठी फुटून झालेल्या जखमांत शिरणाऱ्या जीवाणूंवर होती.

प्रश्न : पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हापासून आम्ही घरी कँडलच्या फिल्टरचे पाणी पितो. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दूषित पाण्याची शंका असताना ते पुरेसे नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला होता. या आजारात हातापायांतील शक्ती जाते, ती जंतू मज्जातंतूंत शिरल्यामुळे नव्हे. जीवाणूच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात, त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवरच हल्ला करतात. जुलाबाचा त्रास होऊन गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी अशक्तपणा सुरू होतो, तो यामुळे.

कँडलच्या छिद्रांतून बरेचसे जीवाणू अडतात, परंतु कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू सहज पार होतात. खळखळून उकळी आल्यावर पाणी आणखी किमान एक मिनिट उकळू द्यावे. त्याने पोटाचे विकार करणारे जीवाणू आणि विषाणू दोन्ही नष्ट होतात. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे, मात्र गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून ते आधी गाळून घ्यावे. अतिनील किरणांचे यंत्रही दोहोंवर चालते, पण त्यालाही पाणी स्वच्छ लागते. कॅम्पिलोबॅक्टर पाण्याइतकाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही येतो. कच्चे मांस कापलेल्या सुरीने आणि फळीवर कोशिंबीर चिरू नये.

हात धुण्याविषयीही येथेच सांगतो. ज्या विषाणूंना मेदाचे आवरण असते, उदाहरणार्थ कोविडचा, फ्लूचा किंवा रेबीजचा, ते साबणाने फुटून निकामी होतात. कुत्रा चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायला सांगतात, त्यामागे हे कारण आहे. अर्थात त्यानंतर लस घ्यायलाच हवी. नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस यांना असे आवरण नसते, त्यामुळे सॅनिटायझर त्यांच्यावर कमी प्रभावी ठरतो. जुलाबाच्या रुग्णाची सेवा करताना साबण आणि भरपूर पाणीच वापरावे.

प्रश्न : सगळेच जीवाणू आणि विषाणू घातक असतात का? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नाही. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा अंदाज आहे; आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी असतात. हरभरा आणि तुरीच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम हा जीवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतो. विषाणूंमध्येही असे आहेत, जे फक्त जीवाणूंवरच हल्ला करतात. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे नोंदवले होते. त्यामागे हे जीवाणूभक्षी विषाणू असावेत, असे आज मानले जाते. फेलिक्स द’एरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना बॅक्टेरियोफाज हे नाव दिले. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविरुद्ध त्यांचा वापर करण्यावर आज पुन्हा जोमाने संशोधन चालू आहे.

प्रश्न : माझ्या आईला सत्तराव्या वर्षी कमरेवर नागीण झाली. डॉक्टर म्हणतात की लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा झाला. इतकी वर्षे तो होता कोठे? आणि नागिणीची दोन्ही टोके जुळली तर जीव जातो, हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. कांजिण्या बऱ्या होताना हा विषाणू मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठींत जातो आणि तेथे त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात पडून राहतो. या काळात नवे विषाणू तयार होत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा लागत नाही आणि औषधालाही थांबवण्यासारखे काही सापडत नाही. क्षयाचा जंतूही शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो, पण तो जिवंत पेशी म्हणूनच दडलेला असतो. त्यामुळे सुप्त क्षयावर प्रतिबंधक गोळ्या देता येतात. सुप्त नागिणीवर तशा गोळ्या नाहीत. पन्नाशीनंतर घेता येईल अशी लस मात्र आता उपलब्ध आहे.

टोके जुळण्याची भीती मनातून काढून टाकावी. विषाणू ज्या मज्जातंतूतून खाली उतरतो, तो तंतू शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला संवेदना पुरवतो. म्हणून पुरळ पाठीच्या मध्यरेषेपाशी सुरू होतो आणि पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. तो पलीकडे गेल्याचे क्वचितच दिसते, आणि तसे झाले तर रुग्णाची प्रतिकारशक्ती का घटली आहे याचा शोध डॉक्टर घेतील. पण टोके जुळल्याने कोणी दगावत नाही. पुरळावर शेंदूर, काव किंवा पाल्याचा लेप लावू नये, कारण फुटलेल्या फोडांतून जीवाणू शिरतात आणि जखम चिघळते.

असायक्लोविरसारखे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा सर्वाधिक फायदा होतो, तेव्हा उतारा करून घेण्यात दिवस घालवू नयेत. पुरळ कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण डोळ्याला इजा होऊ शकते. आईंच्या फोडांतील द्रवाच्या स्पर्शाने इतरांना नागीण होत नाही, परंतु ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्यांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोडांवर खपली धरेपर्यंत ती जागा स्वच्छ सुती कापडाने झाकून ठेवावी आणि घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असल्यास तेवढे दिवस त्यांना जवळ येऊ देऊ नये.